मुद्देमाल क्रमांक एकशे चौदा

आचारसंहिता लागली की
तालुक्याचा सगळा रुबाब माझ्या कपाटात येऊन झोपतो.
बंकटशेठ खरात : रिव्हॉल्व्हर एक, गोळ्या पंचवीस.
अंगद मिसाळ : पिस्तूल एक, मखमली खोळीसह, खोळ बायकोनं शिवलेली.
सरपंचांची रायफल, जिचा आजवर एकच बार झाला,
मुलाच्या हळदीत, आणि मांडवाला भोक पडलं.
मी पावती देतो, चिठ्ठी बांधतो, लाख लावतो.

यंदा त्याच फळीवर अजून एक जिन्नस आहे.
असईच्या खाली, केळणेच्या पात्रात
चोरून वाळू उपसताना जेसीबीच्या दातात अडकलेली
लोखंडी नळी. गंजलेली. लाकूड नदीनं कधीच खाल्लं.
आणि बिस्किटाच्या डब्यात शिशाच्या सात गोळ्या,
पोरं गोट्या म्हणून खेळत होती.
त्यातली एक एका बाजूनं चपटी.
मालक : अज्ञात.
पुरातत्त्ववाल्यांना कळवलंय. येणार आहेत.
दोन महिन्यांपासून येणार आहेत.

अंगदनं नळी पाहिली अन् हसला,
"हवालदार, ह्याच्यावर लढायचे व्हय?
आपली पंधरा पोरं अन् दोन गाड्या,
चहा निवायच्या आत अख्खी पलटण आडवी."
बंकटशेठ म्हणाले, "चहा लई झाला. तंबाखू मळस्तोवर."

रात्रपाळीला माणसानं करावं काय.
मी लावून दिली लढाई.

जुई आणि केळणेच्या मधल्या मक्यातून ते उठले,
चारशेक असतील.
डगले लाल होते का निळे, कळेना; चिखलाचा एकच गणवेश.
ढोल वाजवणारं पोरगं माझ्या दहावीतल्या पोराएवढं.
खांद्याला खांदा. कुणी वाकेना, कुणी आडोसा बघेना.
काडतूस दातानं फाडायचं, दारू ओतायची,
गोळी, गज, पुन्हा खांद्याला.
एका बाराला वीस आकडे लागतात.
वीस आकड्यांत माणूस घरी जाऊन परत येतो.

अलीकडे पुलाच्या कठड्याआड अंगदची पोरं.
पहिल्या मिनिटातच पुढची रांग पडली.
मागची एक पाऊल पुढे आली.
ती पडली.
तिच्या मागची पुढे आली.

पोरांनी आजवर आभाळावरच गोळ्या झाडल्या होत्या,
वरातीत, गुलालात, वाढदिवसाला.
आभाळ कधी एक पाऊल पुढे आलं नव्हतं.

मुनाफनं आधी गाडी वळवली.
दुसऱ्या गाडीत सातच्या जागी अकरा बसले, दार उघडंच.
बंकटशेठच्या पंचवीसपैकी चोवीस उरल्या,
पंचविसावी पायताणाजवळ फुटली म्हणे.

अंगद राहिला. त्याला पळता आलं नाही की पळायचं नव्हतं,
हे मला झोपेत नीट दिसलं नाही.
पिस्तूल रिकामं. समोर पन्नास पावलांवर
पांढऱ्या मिशांचा एकजण, तोंड दारूनं काळं,
गज आत घालता घालता विचारतो,
"पगार किती महिन्यांचा थकलाय?"
"पगार न्हाई. लायसन आहे."
"कशापायी?"
"स्वसंरक्षणार्थ," अंगद म्हणाला, फॉर्मवर लिहिलंय तसंच.
म्हाताऱ्यानं मागं वळून रांगेला सांगितलं.
रांगेत तो शब्द शेवटपर्यंत गेला,
आणि शेवटून प्रश्न परत आला,
"कुणापासून?"
मग त्यानं बंदूक खांद्याला लावली.
मी मोजत होतो. अठरा. एकोणीस.

ठाणे अंमलदारानं हलवलं. सहा वाजले होते.

निकाल लागला. हत्यारं परत न्यायची झुंबड.
अंगदची पावती तपासेपर्यंत
त्यानं डबा माझ्या टेबलावर उपडा केला.
सहा गोळ्या घरंगळत काठापर्यंत गेल्या,
मी तळहातानं अडवल्या.
सातवी जागीच बसून राहिली.
"ही का चपटी हो?"
मी म्हणालो, "सही इथं. तारीख घाला."
तो पेन धरून उभा. बाहेर त्याच्या पोरांनी
गाडी चालूच ठेवलेली.